कुलूपवालीचा मेनू

ऑफिसात तिला सगळे कुलूपवाली म्हणायचे आणि तिला त्याचा रागही येत नसे. ऑनलाइन कोर्समधल्या धड्यांचा मेनू कसा असावा हे ठरवणं तिचं काम, आणि तिचं मत ठाम. पहिला धडा संपल्याशिवाय दुसरा उघडताच कामा नये. "सगळं मोकळं सोडलं की लोक इथे चोच मारतात, तिथे चोच मारतात आणि पसार होतात," ती म्हणायची. तिचं अगदीच चुकत होतं असंही नाही.

आताचा कोर्स खुणांच्या भाषेचा होता, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या घरच्यांसाठी. मेनू दोन तऱ्हांचे तयार होते. एक कुलपांचा, दुसरा मोकळा, डाव्या बाजूला सगळे धडे नावानिशी मांडलेला. उद्या साहेबांसमोर एक नक्की करायचा होता. चाचणीसाठी तिने धाकट्या भावालाच बसवलं. आजारपणात त्याच्या लेकीचं, चिमीचं, ऐकणं गेलं होतं. नव्या शाळेत पोर भराभर खुणा शिकत होती आणि बाप मात्र कोराच्या कोरा.

भाऊ पहिल्याच धड्यात अडकला. बोटांची मुळाक्षरं काही केल्या जमेनात. स्क्रीनचं आपलं एकच पालुपद, आधी हा धडा पूर्ण करा.

"ताई, मला पंडित नाही व्हायचंय गं," तो वैतागून म्हणाला. "शाळेच्या फाटकाशी ती रोज माझा पाय धरून रडते. 'संध्याकाळी न्यायला येतो' एवढंच सांगायचंय तिला. ते कुठाय?"

"अकराव्या धड्यात."

"म्हणजे ती कॉलेजात जाईस्तोवर येईल मला."

ताईला हसू आलं. तिने त्याच्यापुरती सगळी कुलपं काढली. "पण एवढं शिकलास की फिरकायचा नाहीस तू इकडे, लिहून देते," ती म्हणाली. तो अकराव्या धड्यातल्या खुणा घोटत बसला.

सकाळी बैठक चालू असतानाच त्याचा फोन आला.

"ताई, सांगितलं मी तिला! रडायची थांबली. मग तिनंच कसलीशी खूण केली. मला वाटलं, टाटा करतेय. मी हसलो आणि निघालो. पण मन लागेना. रस्त्याकडेला गाडी लावून एकेक धडा उघडून बघत होतो."

ताईने समोरच्या भिंतीवरच्या दोन मेनूंकडे पाहिलं. "साहेब, मोकळा ठेवू या," ती म्हणाली. मग फोनवर विचारलं, "सापडलं का?"

"सापडलं. दुसऱ्याच धड्यात होतं. 'नक्की?' असं विचारत होती गं ती. आणि मी नुसता हसून आलो."

"मग आता?" ताईने विचारलं.

"ठेवतो," भाऊ म्हणाला. "'हो' कसं म्हणतात ते पहिल्या धड्याच्या शेवटी दिसतंय. तेवढं बघतो आणि तिच्या वर्गात जातो."