मागच्या दाराची राखण

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढे सरका. भ्यायलेल्या जिवाची गोष्ट लांबून ऐकू येत नाही. ती आज सांगतो.

शाळाशाळांची भाषणस्पर्धा होती, आणि मदतनीस मुलांना कामं वाटून देणं चित्रकलेच्या बाईंकडे होतं. दांडगा पोरगा फाटकावर, खणखणीत आवाजाची मुलगी नावं पुकारायला. शेवटी उरली बाईंची सख्खी भाची. भांडं पडलं तरी दचकायची, म्हणून घरीदारी तिला ससुली म्हणत.

"मावशी, मला घरीच राहू दे ना."

"घरी काय अंडी उबवणार आहेस? रंगमंचाच्या मागच्या दाराशी बस. भाषण झालं की मुलं तिथून बाहेर पडतात, त्यांना आईबापांकडे धाडायचं. तिकडे चिटपाखरूही नसतं."

भित्रं पोर मागच्या दारी, हा बाईंचा जुना शिरस्ता. पुढच्या दाराने मुलं नटूनथटून आत जातात. मागच्या दाराने ती काय होऊन बाहेर पडतात, हे पाहायला त्या कधी गेल्याच नव्हत्या.

दुपारी एक चिमुरडी बोलता बोलता अडली. कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि पोर पडद्याआड पळाली. थोड्या वेळाने तिची आई बाईंसमोर उभी. "माझी मुलगी कुठाय?"

बाई मागच्या दाराशी धावल्या. खुर्ची रिकामी. ससुलीची एक चप्पल उपडी पडलेली. दार सताड उघडं, आणि बाहेर भरधाव गाड्यांचा रस्ता. बाईंनी हाका मारल्या, ओ नाही. देवा, दोन्ही लेकरं तुझ्या पदरात!

तेवढ्यात फळ्यांखालून कुजबुज आली.

बाई वाकल्या. रंगमंचाखालच्या अंधारात चिमुरडी अंग चोरून बसली होती. पोटावर सरपटत गेलेल्या ससुलीने तिचं मनगट घट्ट धरलं होतं. आणि पोरीच्या पाठीशी, लोखंडी खांबाजवळ, दिव्यांची सोललेली वायर. मधूनच निळी ठिणगी उडत होती.

"ओरडू नको, मावशी," ससुली हळूच म्हणाली. "दचकली तर मागे सरकेल. मेन स्विच बंद कर आधी."

"तू बाहेर ये बघू!"

"हात सोडला तर ही पळेल. जा ना गं."

स्विच पार दुसऱ्या टोकाला. दोघींकडे पाठ फिरवून निघणं बाईंच्या जिवावर आलं. गर्दीतून कोपरं मारत त्या पोचल्या, खटका ओढला. सभागृहात काळोख झाला, एकच गलका उडाला, आणि त्यातच रंगमंचाखालून एक किंकाळी. भीतीची, की दुसऱ्या कशाची? बाईंचा हात खटक्यावरच गोठला.

"मावशी," अंधारातून रडवेला आवाज आला, "माझी चप्पल कुठाय?"

बाई मटकन खालीच बसल्या. चिमुरडी आईच्या कुशीत गेल्यावर त्यांनी भाचीला विचारलं, "तुला भीती नाही गं वाटली?"

"वाटली की! अंधार झाल्यावर किंचाळले ती मीच. त्याआधी मला किती भीती वाटतेय, तेच तिला सांगत होते. मग तीच माझी समजूत काढायला लागली."

बाईंनी खाली वाकून तिच्या पायात चप्पल सरकवली.

तेव्हा मायबाप हो, पुढे बसून टाळ्या वाजवाल, त्या वेळी मागच्या दारी एका चपलेनिशी राखण करणाऱ्या त्या भित्र्या पोरीची तेवढी आठवण ठेवा.