रुपेशची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझ्याजवळ सांगण्यासारखं फारसं आहे असं मला वाटत नाही. तरी अभ्यासिकेत बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं सांगते.

आंजीच्या डोमाजी सुतारांनी मला सागाच्या उरलेल्या फळ्यांतून बनवलं. आधी मी शाळेत होते. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, तेव्हा मला बुद्धविहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत आणून ठेवलं. माझ्यावर कोण बसलं, कोण उठलं, याकडे कुणाचं लक्ष नसे.

मग गावातला रुपेश माझ्यावर बसून शिकला आणि सेवाग्रामला डॉक्टरकीला लागला. तेव्हापासून मी 'रुपेशची खुर्ची' झाले. परीक्षेच्या सकाळी आया मुलांना घडीभर माझ्यावर टेकवून नेत. एकीने तर माझ्या पाठीला झेंडूचा हार घातला. अभ्यासिकेची किल्ली सांभाळणारे प्रेमदासकाका खवळले.

"अवो बाई, विहारात येऊन खुर्चीले हार? हेच शिकलो का आपण?"

हार निघाला. समजूत राहिली.

यंदा गावातल्या धनंजयची मुलगी काजल दहावी झाली. अकरावीला गणित घ्यायचं की जीवशास्त्र, हे ठरवायचं होतं. गणित सुटलं की इंजिनिअरिंगचा रस्ता बंद. काजलचा जीव गणितात होता. पण धनंजय तिला रोज माझ्यावर बसवून जाई, आणि रुपेशच्या खुर्चीवर बसणारीने रुपेशचाच विषय घ्यायचा, असं घरी ठरून गेलं होतं. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी ती मला सोडून खाली सतरंजीवर बसली.

"काऊन वं पोरी? खुर्ची रिकामी हाय ना," प्रेमदासकाका म्हणाले.

"नको काका. तिच्यावर बसलं का डॉक्टरच व्हा लागते."

तेवढ्यात धनंजय आला. सोबत सुटीवर घरी आलेला रुपेश होता.

"रुपेश, आता तूच समजाव इले," धनंजय म्हणाला.

रुपेश हसला. "धनंजयकाका, मी या खुर्चीवर काऊन बसत होतो, मालूम हाय का? पंखा एकच होता, अन् तो हिच्याच डोक्यावर."

"घ्या! मंग हार पंख्याले घाला लागत होता," प्रेमदासकाका म्हणाले.

धनंजय हसला नाही. तो लेकीजवळ सतरंजीवर टेकला.

"तुले खरंच गणित आवडते?"

"हो बाबा."

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलंच कुठी?"

दुसऱ्या दिवशी अर्जात गणित लिहिलं गेलं. बारावीनंतर तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल का, ते मला ठाऊक नाही. लाकडाला तेवढं कळत नाही.

आता माझा एक पाय डुगडुगतो. त्याला एक खिळा मारलात तर उपकार होतील; मी आणखी काही मुलांचं ओझं पेलीन. पण मित्रांनो, मला हात जोडू नका. माझ्यावर जो बसेल, त्याला काय व्हायचं आहे, ते त्यालाच विचारा.