घोंगडीला विटाळ नसतो

मी सरुबाईच्या घरची घोंगडी बोलतेय. मान खाली घालून बोलतेय. घोंगडीला कुठली आलीये मान, असं म्हणाल; पण आधी ऐकून तर घ्या.

माझा जन्म महाळुंगे पडवळचा. घरच्या मेंढरांची काळी लोकर, सरुबाईच्या हातचं सूत. विणकरानं चिंचोक्यांची खळ देऊन मला असं ताठ केलं की काही विचारू नका. मिजास तर विचारूच नका! देवासमोर अंथरायची मी, सोयरिकीला आलेले पावणे बसायचे माझ्यावर. चादरी धुवाव्या लागत, मला कुणी धूत नसे. घोंगडीला विटाळ नसतो, असं या घरात सगळे मानत. मेंढरांच्या वाड्यात लोळून आले तरी मी आपली सोवळीच.

गेल्या वर्षी सरुबाईच्या मुलाला, बिरदेवला, रक्ताचा कॅन्सर निघाला. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आधी केमो देऊ, आजार आटोक्यात आला की बहिणीच्या पेशी त्याच्या अंगात सोडू. बहीण साधना. तिच्या पेशी जुळल्या तेव्हा घरात पेढे वाटले. तारीखही ठरली. तोवर एकच सांभाळायचं होतं. केमोनं अंगातलं जंतूंशी लढायचं बळ जातं, म्हणून त्याच्याजवळ सगळं स्वच्छ हवं.

त्याची बायको सुप्रिया हे डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. पाणी उकळायची, चादरी उकळायची, दारात साबण ठेवायची. मला तिनं पहिल्याच दिवशी वाड्यात धाडलं. मी रुसून बसले.

थंडीचे दिवस होते. नुकताच केमो घेऊन बिरदेव घरी आला होता. एका सकाळी सुप्रिया औषधं आणायला मंचरला गेली आणि इकडे तो कुडकुडायला लागला.

"आये, लई गार लागतंय गं."

 सरुबाई धावत वाड्यात आली आणि मला उचलून घेऊन गेली.

"सुप्रिया नको म्हनती, आये."

"आरं, चादरीला इटाळ व्हतो, घोंगडीला न्हाई. घरची लोकर हाय ही."

मी त्याला गळ्यापर्यंत लपेटलं. मनात म्हटलं, बघ सुप्रिया, शेवटी कामाला कोण आलं! माझ्या अंगात वाड्यातली धूळ होती. दवानं भिजलेल्या कडेला बुरशीही होती. मला ते ठाऊक होतं, तरी मी मिरवत होते.

सुप्रिया आली आणि तिनं मला ओढून काढलं. पुन्हा वाड्यात नेऊन टाकलं. चौथ्या दिवशी बिरदेवला ताप भरला.

त्याला पुण्याला नेलं. सरुबाईनं रात्री अंग टाकायला म्हणून मला पिशवीत घेतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात धूळ, लोकर, जनावरांचं काही त्याच्याजवळ आलं होतं का?"

सरुबाईनं पिशवी पायानं बाकाखाली सारली.

"न्हाई बाई. आमी लई सोवळं पाळतो."

सुप्रियानं सासूकडे पाहिलं आणि खाली बघितलं. आणि मी? मला हायसं वाटलं. माझं नाव आलं नाही म्हणून मला बरं वाटलं! आत बिरदेव तापानं फणफणत होता. ती लाज माझ्या धाग्याधाग्यात बसलीये.

तीन दिवस औषधं चालली. ताप हटेना. चौथ्या दिवशी सुप्रिया सासूजवळ येऊन बसली.

"आत्या, तुमीच सांगा. मी सांगितलं तर तुमाला लागंल."

सरुबाई उठली. डॉक्टरीणबाई आल्या तशी तिनं मला पिशवीतून ओढलं. "खोटं बोलले मी, बाई. ही घातली त्याच्या अंगावर. मीच घातली."

शपथेला घोंगडी अंथरतात, तशी ती मला तिथंच अंथरायला निघाली.

"आजी, उघडू नका! इथे सगळे असेच पेशंट आहेत." मग जरा हळू आवाजात, "हिच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण आधी सांगायला हवं होतं."

त्याच दिवशी छातीचा फोटो झाला, बुरशीवरचं औषध सुरू झालं. हळूहळू ताप उतरला. पण बहिणीच्या पेशी घालायची तारीख दोन महिने पुढे गेली. तेवढ्यात आजार उलटला तर, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही.

आजार उलटला नाही. आज तो पुन्हा पुण्याला निघालाय. आधी शेवटचा मोठा केमो, मग साधनाच्या पेशी. मी वाड्याच्या कुडावर पडून आहे. सरुबाई हल्ली मेंढरांकडून आली की अंघोळ करून, लुगडं बदलूनच त्याच्या खोलीत जाते. माझ्याकडे बघत नाही. बघू नये, हेच बरं.

तुमच्या घरी असं कुणी आजारी असेल, तर मला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. आणि चुकून घेतलंत, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

गाडीकडे जाताना बिरदेव कुडापाशी थांबला. तोंडावर मास्क, डोक्यावर एक केस नाही. सवयीनं त्यानं माझ्याकडे हात केला.

"अहो, हात!" सुप्रिया ओरडली.

त्यानं हात मागे घेतला. तेवढ्यासाठीच मी जीव मुठीत धरून होते. जा बिरदेव. थंडी वाजली तर दुसरं काहीतरी पांघर.