माझ्या कडीला तेल घाला

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पोटात फ्रीजसारखा गारवा आणि वर काचेचं झाकण. आइस्क्रीमची समजून जवळ येऊ नका. गेलेल्या माणसाला अंत्यदर्शनासाठी माझ्यात ठेवतात. एवढं कळलं की मुलं लांब पळतात. पळोत बापडी. मला चाकं आहेत, पण मी कुणाच्या मागे लागत नाही.

तलवाड्याला, म्हणजे या गावात, मी आले ती इथल्याच म्हाळूच्या बहिणीमुळे. तिचे वडील गेले तेव्हा ती सुरतेला होती. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत दहन उरकायची घाई असते. ती पोहोचली तेव्हा चिता विझून गेली होती. "मला नुसता चेहरा बघायचा होता," एवढंच म्हणून ती ओसरीवर बसून राहिली. ते पाहून गावातल्या पोरांनी मला आणलं.

मारुतीच्या पारापाशी मला उतरवलं, तेव्हा बघायला सगळा गाव लोटला. छबुबाई आजींनी काचेवर बोट वाजवलं आणि शेजारी उभ्या नातीला, रोहिणीला सांगितलं, "मला ठिवायचं तर ठिवा. पर हरिबाचं लुगडं अंगावर पडल्याबिगर जाळू नगा." बाई गेली की माहेरचं लुगडं नेसवून तिला निरोप द्यायचा, ही इथली रीत. हरिबा म्हणजे आजींचा धाकटा भाऊ, नेकनूरला राहणारा.

पुढं मी पुष्कळ घरं पाहिली. मन्मथप्पांच्या घरून तेवढं मला कधी बोलावणं आलं नाही. ते लिंगायत, त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात, आणि माझ्यात तर झोपवावं लागतं. बाकी घरांतल्या लांबच्या लेकी माझ्यामुळे पोहोचल्या. लोक माझं नाव काढायचे. पण काम झालं की मंडपाच्या पाइपांमागे मला ढकलून द्यायचे. खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार, मोटरसायकलीला हार, पिठाच्या गिरणीलासुद्धा हार. मला हळदीचं बोट नाही. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? झाकणाची कडी गंजत चालली होती, तेही कुणी पाहिलं नाही.

मग छबुबाई आजी गेल्या. त्यांचे चिरंजीव विजयसिंह भागातले पुढारी. त्यांनी अंत्यदर्शनाचा बेत मोठा आखला. शाळेच्या मैदानात मंडप, उंच चौथऱ्यावर मी, पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. पक्षाचे मोठे साहेब येऊन गेले की मला तशीच ट्रॉलीवरून स्मशानात न्यायचं आणि झाकण थेट चितेपाशी काढायचं, असं ठरलं. बेतात हारांना जागा होती, गाड्यांना जागा होती. बेत आखणाऱ्यांपैकी लुगड्याची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

माणसं येत होती, माझ्यावर हार ठेवत होती. हारावर हार चढले आणि काच दिसेनाशी झाली. रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या बायका झेंडूला हात जोडून परत जात होत्या. चेहरा दिसावा म्हणून मला आणलं, आणि माझ्याच काचेवर चेहरा झाकला गेला. मी काय करणार? मी आपली गारवा देत राहिले.

दुपारी हरिबा बसमधून उतरले. काखेत हिरवं लुगडं. रांग लावणाऱ्या कार्यकर्त्याने, अमरसिंहने, लुगडं वरच ठेवायला सांगितलं. हरिबांनी हार बाजूला सारून ते काचेवर पसरलं. काच ओली होती. लुगडं घसरून खाली आलं. त्यांनी ते झटकून पुन्हा पसरलं. पुन्हा घसरलं.

रोहिणी बायकांच्या रांगेतून पुढं आली. आजी पारापाशी काय म्हणाली होती ते तिनं वडिलांना, विजयसिंहांना सांगितलं आणि पेटी उघडायला सांगितली. विजयसिंहांनी घड्याळ पाहिलं. साहेब गेवराई सोडून निघालेत, थोडं थांबू, असं ते म्हणाले.

"म्या सायबासाठी न्हाई आलतो, विजू," हरिबा म्हणाले. "आक्काला नेसवायला आलतो."

विजयसिंह पुढं आले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं हार उतरवले आणि माझी कडी धरली. कडी हलेना. त्यांनी जोर लावला, अमरसिंहने दगड आणला, तरी हलेना. सगळं मैदान बघत होतं आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. एवढी वर्षं मी भेटी घडवल्या, आणि आज बहीण-भावाच्या मधे मीच आडवी आले होते.

रोहिणी घरी धावली. आजीच्या कोनाड्यातली खोबरेलाची बाटली घेऊन आली आणि कडीवर तेल ओतलं. हरिबांनी बोटांनी ते जिरवलं. कडी कुरकुरली आणि सुटली.

बायकांनी कनात धरली, आजींना न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. मग तिरडीवरच दर्शन झालं. ज्याला पाय धरायचे त्यानं पाय धरले, ज्याला गालावरून हात फिरवायचा त्यानं फिरवला. विजयसिंह आईच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. साहेब आले आणि रांगेत मागे उभे राहिले. कुणी त्यांना पुढं बोलावलं नाही.

मित्रांनो, मी गारवा देते, गारवा तुम्हाला वेळ देतो. हात लावायचं काम माझं नाही, ते तुमचं. अंत्यदर्शनाचा बेत आखाल तेव्हा मला बंद कधी करायचं हे ठरवता, तसं उघडायचं कधी तेही ठरवा. खंडेनवमीला मला हार नको. कडीला दोन थेंब तेल तेवढं घाला. कुणाचा तरी भाऊ लुगडं घेऊन बसमध्ये बसलेला असतो.