मुकादमांचा शब्द

जेवायला बसलेल्या माणसाला ताट फेकून मारू नये, हे कुठल्याच घरात शिकवावं लागत नाही. पण त्या रविवारी मुकादमांनी मारलं. ताट कडेनं लागलं, पाहुण्याची भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. रस्सा भिंतीवर उडाला, पेला खाली पडून फुटला. मुकादमांचा लेक खुर्ची मागे सारून उठला. त्याचा डावा हात खांद्यापासून लोखंडी होता. तो त्यानं टेबलाच्या कडेवर नुसता टेकवला, तरी लाकूड कडाडलं.

"बाबा, परत एकदा करून बघा," तो म्हणाला.

"करीन. घर माझं आहे. माझ्या घरात चोर जेवणार नाही."

पाहुण्यानं रुमाल भुवईवर दाबला आणि लेकाचा दंड धरला. "चल, घरी जाऊ," तो एवढंच म्हणाला. दोघं उपाशी निघून गेले आणि मुकादम दुसरं ताट घेऊन जेवायला बसले. असा एखादा माणूस तुमच्या-आमच्या नात्यातही असतो, उगीच नाही म्हणू नका.

आता हा पाहुणा कोण ते सांगायला हवं. ही मंडळी दुसऱ्या ताऱ्यावरून इथे आली त्याला एक पिढी उलटून गेली. त्यांची मुलं आपल्या शाळांत शिकली, आपल्या रांगांत उभी राहिली, आपल्यासारखेच कर भरू लागली. आपण मात्र त्यांना अजून पाहुणेच म्हणतो. पाहुणे म्हणायचं आणि पाणीही विचारायचं नाही, असा आपला पाहुणचार.

या पाहुण्यांच्या अंगाचा एक गुण आहे. जन्मतः त्यांचा चेहरा मळून ठेवलेल्या कणकेसारखा असतो, नाकडोळे असूनही लक्षात न राहणारा. मग ज्याच्याशी जीव जडतो, ज्याच्याबरोबर संसार होतो, त्याचा चेहरा वर्षा-दोन वर्षांत त्यांच्यावर उमटतो. मुकादमांच्या लेकाबरोबर राहणाऱ्या या पाहुण्यावर लेकाचाच चेहरा उमटला होता. फरक एकच. लेकाचा डावा जबडा आणि गाल हाताबरोबरच गेले होते. तिथे आता लोखंड होतं. पाहुण्याला लोखंड कुठून येणार? उजव्या बाजूवरून त्याची डावी बाजू झाली. त्यामुळे मुकादमांच्या समोर जेवायला बसला होता तो त्यांचा लेक, अपघाताच्या आधीचा, अख्खा.

तो अपघात मुकादम ज्या बेकरीत मुकादम होते तिथेच झाला. लेक त्यांच्याच हाताखाली होता. कणीक मळायचं मोठं यंत्र अडकलं होतं, आणि पावाची गाडी दारात उभी होती. लेकानं बटणाकडे हात नेला तेव्हा मुकादम ओरडले, "बंद करू नकोस, सुरू व्हायला वेळ खातं. तसाच हात घाल." लेकानं घातला. पात्यानं आधी बाही धरली, मग हात, मग खाली वाकलेलं तोंड. त्या दिवशी कणकेचा रंग पाहून भट्टीवरचे दोघे जण चक्कर येऊन पडले. पुढे लेकाला लोखंडी हात आणि जबडा बसला. सरकारी कागदावर अशा माणसाला सायबॉर्ग म्हणतात, गल्लीत जोडलेला म्हणतात. मुकादमांनी त्या दिवसाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

हात बसवतात त्या केंद्रात हा पाहुणा शिकवायला होता. लोखंडी हाताला आपला जोर कळत नाही. चमचा उचलायला जावं तर वाकतो. तेव्हा पाहुणा आपला हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "हा धर. हळू. अजून हळू." लेकानं त्याचं नावच हळू ठेवलं. पहिल्या आठवड्यात हळूची दोन बोटं मोडली, तरी दुसऱ्या दिवशी तो दुसरा हात घेऊन हजर. अशा माणसाच्या प्रेमात पडायचं नाही तर कोणाच्या? लेक पडला. दोघांनी मुकादमांच्या घरासमोरच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केलं.

ताट फेकलं त्या दुपारी आक्का भिंत पुसत होती. आक्का मुकादमांची थोरली बहीण. लेकाची आई गेल्यावर त्याला वाढवायला आली आणि राहिली. दोघांना जेवायला तिनंच बोलावलं होतं.

"त्यानं काय चोरलं रे तुझं?" तिनं विचारलं.

"चेहरा. दिसत नाही का तुला? आधीच पुरुषानं पुरुषाशी संसार मांडलाय, त्यात तो पाहुणा, आणि वर माझ्या पोराचं तोंड लावून गल्लीतून हिंडतो."

"चोरी झाली म्हणजे आपलं काहीतरी कमी व्हायला हवं. पोराचं काय कमी झालं? हसायला लागलाय तो. इतकी वर्षं एका घरात राहून तू माझ्यासारखा खोकायला लागलास, मी गेले का पोलिसांत?"

"लोक काय म्हणतात ऐकलंस का?"

"लोक! त्या केंद्रात पोराच्या तोंडातून लाळ गळायची तेव्हा लोक कुठे होते? तू दारातून बघून परत जायचास. पुसायला हा होता. लाळ पुसायला चालला आणि संसाराला चालत नाही?"

मुकादम मोरीकडे वळले. मग हात धुताना भिंतीकडे बघून म्हणाले, "जे माझ्या पोराचं गेलं, ते त्याच्याकडे कसं? रोज समोरून जातं ते. मला नाही बघवत." खरं दुखणं एवढंच होतं. ते त्यांना कळलं असतं तर पुढचं टळलं असतं.

दुसऱ्या दिवशी बेकरीत माल चढवणाऱ्या पैलवानाला त्यांनी मागच्या दाराशी बोलावलं. पैलवान म्हणजे मुकादमांनीच कामाला लावलेला माणूस, बहिणीच्या लग्नाला रजाही त्यांनीच दिलेली. मुकादमांचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता.

"समोरच्या इमारतीतल्या पाहुण्याला जरा समज द्या," मुकादम म्हणाले.

"कितपत?"

"जिवानिशी नको. चेहरा तेवढा बिघडवा. त्यात माझा मुलगा दिसता कामा नये."

एवढं बोलून ते पावाचे ट्रे मोजायला आत गेले. किती साधं वाक्य! 'जरा समज द्या.' आपण सगळ्यांनीच ते कधी ना कधी ऐकलंय, आणि ते बोलणाऱ्याचे हात दर वेळी स्वच्छच राहिलेत.

संध्याकाळी मुकादम गल्लीत शिरले तेव्हा समोरच्या इमारतीच्या दाराशी पंधरावीस माणसं उभी होती. वर जिन्यात काहीतरी आपटल्याचा आवाज नुकताच थांबला होता. पैलवान आणि त्याचा जोडीदार मागच्या दारानं गेले होते. वर मात्र कोणी गेलं नव्हतं. शेजारच्या बाई रडत पुढे आल्या. "अहो, तुमच्या मुलाला मारून टाकलं हो. मी दाराच्या फटीतून बघितलं. आकड्यानं मारत होते तोंडावर."

बेकरीत तापलेले ट्रे ओढायला लांब लोखंडी आकडे असतात. मुकादमांना ते माहीत होते. ते जिना कसे चढले हे मात्र त्यांना नंतर कधीच आठवलं नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो डाव्या कुशीवर पडला होता. पायऱ्यांवर दात होते. उजवा डोळा होता तिथे नुसता खळगा दिसत होता, कपाळाची कातडी सुटून कानावर आली होती. पण नाक तेच, हनुवटी तीच, कानामागचा तीळही तोच. मुकादम पायरीवर बसले आणि त्यांनी ते डोकं मांडीवर घेतलं. सदरा रक्तानं भिजला, पँट भिजली.

"बाळा," ते म्हणाले, "अरे बाळा, यंत्र मी बंद करायला हवं होतं. तू बटणाकडे हात नेला होतास, मी बघितलं होतं. मी बघितलं होतं रे." बोलता बोलता, त्याला नीट धरावं म्हणून, त्यांनी डाव्या गालाखाली हात घातला. तिथे गार लोखंड लागायला हवं होतं. हाताला ऊन कातडी लागली.

आपला नाही!

वाचकहो, त्या क्षणी मुकादमांना काय वाटलं ते मी लपवणार नाही. त्यांना हायसं वाटलं. एक श्वास छातीतून मोकळा सुटला. आणि मांडीवर तेच डोकं होतं, तेच रक्त तसंच वाहत होतं, माणूस तसाच मरत होता. मग हायसं कशाचं वाटलं? त्या एका श्वासाची त्यांना जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

हळूचा डावा डोळा उघडला.

"मुकादम," तो म्हणाला. ओठ फाटल्यामुळे शब्द नीट येत नव्हते. "ते म्हणाले, तुम्ही पाठवलं. त्याला सांगू नका. त्याला बाप एकच आहे."

मुकादमांनी डोकं खाली ठेवलं नाही. "कोणीतरी गाडी बोलवा," ते जिन्यातून खाली ओरडले, "माझा मुलगा आहे इथे." तेव्हा कुठे खालची माणसं हलली.

दवाखान्यात हळूनंही ते कोणाला सांगितलं नाही. पोलिसांनी विचारलं तर म्हणाला, पाठीमागून आले, ओळखलं नाही. मग त्याला आत नेलं आणि दार बंद झालं. बाहेर बाकावर मुकादम, आक्का आणि धावत आलेला लेक. लेक भिंतीशी उभा राहून पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "कोणी केलं असेल, बाबा? त्याचं कोणाशी वैर नाही हो."

 मुकादमांना गप्प बसणं सोपं होतं. मारणाऱ्यांना ओळखणारा साक्षीदार नाही, तक्रार नाही, पैलवान जीव गेला तरी बोलणार नाही. लेक उद्या बापाच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला असता.

आक्का त्यांना जरा बाजूला घेऊन गेली. "आकड्यानं मारलं म्हणे. आकडे बेकरीत असतात," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुझी माणसं तुला विचारल्याशिवाय चहा पीत नाहीत."

"आक्का, मी हात लावला नाही त्याला."

"यंत्रालाही लावला नव्हतास. नुसतं बोलला होतास. दोन्ही वेळा बोललास तू आणि रक्त सांडलं दुसऱ्याचं. आता एकदा तरी असं बोल, की ज्यानं तुझं काही जाईल."

मुकादम परत आले आणि लेकासमोर उभे राहिले.

"मी सांगितलं पैलवानाला," ते म्हणाले. "चेहरा बिघडवा म्हणालो."

लेकाचा लोखंडी हात कधी उठला ते दिसलंच नाही. मुकादमांची पाठ भिंतीवर आदळली, पाय जमिनीवरून सुटले. गळ्याभोवती पाच बोटं आवळली गेली आणि घशातून करकर आवाज निघाला. शिपाई धावले, पण तो हात सोडवणं त्यांच्या बापाच्यानं होणार नव्हतं. मुकादमांनी हात वर केले नाहीत. मरायला त्यांची हरकत नव्हती.

"पोरा," आक्का म्हणाली, "तू याला मारलंस तर आत पडलेल्याला शुद्ध येईल तेव्हा जवळ कोण असेल?"

लेकाची बोटं उघडली. मुकादम फरशीवर कोसळले आणि रक्त थुंकले.

"तुम्ही कायम दुसऱ्यालाच पुढे केलंत," लेक म्हणाला.  "आता स्वतः जा. चौकीवर जाऊन सांगा. चालत जा."

मुकादम चालत गेले. पैलवानाला आणून समोर उभं केलं तेव्हा तो म्हणाला, "मुकादम काही बोलले नव्हते, मीच मारलं." तेव्हा मुकादम म्हणाले, "खोटं बोलतोय. शब्द माझा होता." तिघांनाही शिक्षा झाली, आणि सगळ्यात मोठी मुकादमांना झाली. ती त्यांनी मागून घेतली असं न्यायालयातले लोक सांगतात.

हळू जगला. उजवा डोळा गेला. चेहऱ्याची हाडं वाकडी जुळली. त्यावर पुन्हा कोणाचाच चेहरा नीट उमटणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुकादमांनी दिलेलं काम पैलवानानं पूर्ण केलं होतं. लेकाला त्याचं काहीच वाटत नाही. तो त्याच तोंडाकडे बघत रोज सकाळी चहा पितो.

सुटून आल्यावर मुकादम त्या जिन्यानं वर गेले. लेकानं दार उघडलं. आत या म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही.

"माफी मागायला तोंड नाही मला," मुकादम म्हणाले. "समोर राहतो. काही लागलं तर सांगा."

"मला नका सांगू. त्याला सांगा."

हळू लेकाच्या मागे उभा होता, दाराची चौकट धरून. उरलेल्या एका डोळ्यानं त्यानं मुकादमांकडे बराच वेळ बघितलं.

"मला अजून भीती वाटते," तो म्हणाला. "जिन्यात पावलं वाजली की अंग कापतं. तुम्ही वर येताना खालूनच हाक मारत जा. म्हणजे कोण येतंय ते मला कळेल."

त्यानंतर मुकादम दर रविवारी त्या इमारतीच्या दाराशी उभे राहतात. गल्लीत लोक असतात, खिडक्यांत लोक असतात, बेकरीतली जुनी माणसंही असतात. लोकांचं नाव पुढे करून ज्यांनी माणूस फोडवला, तेच मुकादम त्या सगळ्यांच्या देखत मोठ्यानं ओरडतात, "हळू, मी आहे रे! मी वर येतोय." आणि वरून होकार आल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवत नाहीत. कधी कधी होकार येत नाही. मग ते परत जातात आणि पुढच्या रविवारी पुन्हा येतात.

तर मंडळी, कोणी कोणावर जीव लावावा, पुरुषानं पुरुषावर की माणसानं पाहुण्यावर, याची मुकादमकी कोणी आपल्याकडे सोपवलेली नाही. उद्या कोणी तुम्हाला म्हणेल, त्याला जरा समज द्या. तेव्हा त्याला विचारा, तुम्ही स्वतः का येत नाही? आणि तो सांगणारा आपणच असलो, तर तोंड उघडण्याआधी एवढं करू. ज्याला मारायचं म्हणतो त्याचं डोकं आपल्या मांडीवर आहे असं समजू, आणि लोखंड लागतं की कातडी हे बघायला हात खाली घालू नये. आपलाच आहे तो.