देवीला सोडलेला हात

माणसाला कधी देवपण देऊ नये. देव दगडाचा असतो म्हणून त्याला सोसतं, माणसाच्या खांद्याला कळ लागते. पण हे हिंडलग्यापलीकडच्या त्या वाडीला सांगणार कोण? दुसऱ्या महायुद्धाची धामधूम चालू होती, बेळगावच्या छावणीत अमेरिकेचे सोल्जर येऊन उतरले होते, आणि वाडीतल्या रवळूचा उजवा हात सगळ्या मुलखाच्या डोक्यात भिनला होता.

सुरुवात अगदी साधी झाली. हिंडलग्याच्या तुरुंगाला लागून जे माळरान आहे, तिथं हे अमेरिकन दर ऐतवारी बेसबॉल खेळायचे. शेजारीच रवळूचा जोंधळा. रवळू मचाणावर उभा राहून पाखरं राखत होता आणि त्यांचा एक चेंडू उडून धाटांत पडला. गड्यानं खाली उतरून तो उचलला, परत मचाणावर चढला आणि तिथनंच भिरकावला. चेंडू सरळ जाऊन चामड्याचा पंजा घातलेल्या एका गोऱ्याच्या हातात बसला, आणि गोरा मागच्या मागं बुडावर आदळला. सगळे खो खो हसले. रवळूला त्यात काही विशेष वाटलं नाही. कणसावरची साळुंकी उठली पाहिजे आणि कणीस मोडता कामा नये, हे तो मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आला होता.

पुढं त्यांचा चेंडू टाकणारा गडी हिवतापानं आडवा झाला. विलायती पलटणीशी सामना ठरलेला. मग त्यांचा एक ताडमाड उंच साहेब रवळूच्या रानात आला, खुणा करकरून बोलला आणि त्याला घेऊन गेला. वाडीची चार माणसं मजा बघायला मागनं गेली.

खेळ कळायला सोपा. समोरच्यानं लाकडी दांडक्यानं चेंडू मारायचा. तीनदा हुकला की घरी. त्या दिवशी विलायतेचे गोरे एकामागनं एक येत होते, वारं झोडपत होते आणि तोंड पाडून परत जात होते. वाडीच्या माणसांनी अशी चीज जन्मात बघितली नव्हती. बेचाळीस सालानंतर त्या गोऱ्यांनी ह्या भागात काय काय केलं होतं ते सगळ्यांच्या पाठीवर होतं. आणि आता आपला रवळू, पायात वहाण नाही, डोक्याला मळका पटका, तो एकेकाला घरी धाडतोय! तोही खेळत होता गोऱ्यांच्याच बाजूनं, पण ते ध्यानात घ्यायला कुणाला सवड होती?

पुढच्या ऐतवारी गाड्या जुंपून गाव आलं. त्याच्या पुढच्या ऐतवारी हलगी आली. तंबाखू घेऊन निपाणीच्या बाजाराला गेलेले गाडीवान तिथं रवळूच्या गोष्टी पेरून आले, मग निपाणीकडचीही माणसं दशम्या बांधून यायला लागली. बेळगावातले वकील आणि मास्तर छत्र्या उघडून बांधावर बसू लागले. गोरा पहिल्यांदा हुकला की माळ ओरडायचा, "एक!" मग "दोन!" आणि तिसऱ्याला एकच गिल्ला व्हायचा, "घरीऽऽ!" चेंडू सोडताना रवळूच्या पंजातनं धूर निघतो, असं एकानं सांगितलं. अमेरिकेच्या राजानं त्याला बोलावणं धाडलंय, असं दुसऱ्यानं. अमेरिकेला राजा नसतो, असं एक मास्तर म्हणाला, तर त्यालाच लोकांनी खाली बसवलं.

रवळूला हे आवडलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. लई आवडलं. छाती कशी सुपाएवढी झाली होती. घरी आला की तो नागुबाईला, म्हणजे बायकोला, सांगायचा, "आज त्यो लाल तोंडाचा बगायला पायजे हुतंस गं. रडायचाच बाकी हुता." आणि दोन वर्षांच्या तानीला दोन्ही हातांनी वर उडवून झेलायचा.

इथपर्यंत ठीक होतं. मग जोतिबा गुरवाच्या डोक्यात ते आलं.

आमच्याकडं लक्ष्मीच्या जत्रेआधी वार पाळतात. मंगळवारी आणि शुक्रवारी औत जुंपायचं नाही, विळा-खुरपं उचलायचं नाही, कांडण नाही, दळण नाही. देवीचा दिवस तो; त्या दिवशी जमिनीला लोखंड लावलं की गावावर कोप होतो. जोतिबानं देवळापुढच्या कट्ट्यावर सांगितलं, "ही ताकद रवळूची न्हवं. ह्यो हात देवीनं मागून घेतलाय. ह्याचं वार पाळाय पायजेत." मारुतीराव पाटलानं मान हलवली. रवळूच्या हाताला खांद्यापासनं बोटापर्यंत भंडारा फासला, दंडाला हिरवा खण बांधला, नारळ फुटला. बायका हाताच्या पाया पडल्या. हाताच्या, रवळूच्या नव्हे.

मंगळवार आणि शुक्रवारनं भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण भक्ताला थांबायचं कुठं ते कळत नाही. उगाच धोका कशाला, म्हणून बुधवार आला, गुरुवार आला, आणि बघता बघता ऐतवारचा सामना सोडला तर सगळे वार हाताचे झाले. त्या हातानं विळा धरायचा नाही. दावं ओढायचं नाही. पाणी शेंदायचं नाही. जेवायचंसुद्धा नाही! उष्टा-खरकटा कसा करायचा देवीचा हात? आणि डाव्यानं खायचं तर तेही अभद्र. मग नागुबाई त्याला भरवायची. एवढा थोराड बाप्या, मिशीला पीळ भरणारा, तानीच्या शेजारी बसून आ करायचा.

"माझं रान हाय, मी करतो की," असं तो पाटलाला एकदा म्हणालाही.

"खुळा का काय तू?" मारुतीराव म्हणाला. "तुझं रान आता गावाचं. तू निस्ता बस."

आणि खरोखर गावानं त्याचा जोंधळा काढला, खुडला, मळला, पोती घरात आणून रचली. कुणी एक दाणा मागितला नाही. गाव करील ते राव काय करील! पण त्या दिवसापासनं रवळूला नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

हाताचं काय झालं ते कुणीच बघत नव्हतं. बैल दावणीला बांधून ठेवा, पाय मोकळा करू देऊ नका, आणि आठवड्यातनं एकदा शर्यतीला जुंपा. किती दिवस पळंल? खांदा आखडला. आधी नुसतं अवघडल्यासारखं व्हायचं. मग चेंडू टाकताना आतनं काहीतरी करकरायचं. मग कळ थेट मानेत जायची आणि डोळ्यांपुढं काजवे. कामात असता तर हात कामानंच सुटला असता. ह्यांनी तो पुजून पुजून मारायला घेतला.

एका ऐतवारी कळ आली तेव्हाच चेंडू सुटला, आणि एका विलायती गड्यानं तो असा टोलवला की पार ओढ्यापलीकडं. रवळूला रागानं कुणी काही बोललं नाही. सांजच्याला बायकांनी नागुबाईला घेरलं. "काय शिवलीस तू त्या हाताला? विळा दिलास व्हय? खरं सांग!" शेवटी तिला ओढ्यात बुडी मारून ओल्या लुगड्यानं देवळाला लोटांगण घालावं लागलं, ऐन थंडीत. घरी आली तेव्हा तिचे दात वाजत होते. रवळूनं तिला चुलीपुढं बसवलं आणि डाव्या हातानं लाकडं सारली.

"अवो, सांगून टाका की हात दुखतोय म्हणून," ती म्हणाली.

"सांगितलं तर तुलाच परत ओढ्यात बुडवून आणतील. हात देवीचा हाय, त्यो दुखंल कसा? कुणीतरी बाटवला म्हणूनच दुखंल."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्या दोघांची गत. रवळूला नाव नको होतं, भंडारा नको होता. त्याला आपला हात परत पाहिजे होता. त्या हातानं भाकरी मोडायची होती, विळ्याची मूठ धरायची होती, आणि पोरीला पूर्वीसारखं उडवून झेलायचं होतं. एवढीच त्याची मागणी, पण ती घेऊन जायचं कुणाकडं?

उंच साहेबाकडं गेला. खांदा दाखवला, तोंड वेडंवाकडं करून दाखवलं. साहेब हसला, त्याच्या नेमका त्याच खांद्यावर थाप मारली आणि खाऊचा एक डबा हातात ठेवला. त्यालाही जिंकायचंच होतं.

मग अंबुबाईकडं गेला. म्हातारीचा गुंडू बेचाळीसला तारा तोडल्या म्हणून हिंडलग्याच्या तुरुंगात पडला होता. गावात तिचा शब्द पाटीलसुद्धा मोडत नसे. ती आपल्या बाजूनं बोलेल, एवढी एकच आशा.

"आक्का, माझा हात न्हाय चालत. ह्या ऐतवारपासनं मी थांबतो. तू तेवढं सांग पाटलास्नी."

म्हातारी जोंधळे पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "रवळू, मी गेलतो रं गुंडूला भेटाय," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी गेलतो, मी आलतो. "लई वाळलाय. काय म्हणाला म्हायत हाय? म्हणाला, आये, ऐतवारी भिंतीपलीकडनं 'घरी' म्हणून आरडा येतोय. आमी आत मोजतोय, किती गोरं गेलं ते. त्येवढ्यावर आठवडा निगतोय म्हणाला." तिनं रवळूचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला. "तू कायतरी सांगाय आलतास न्हवं?"

"काय न्हाय आक्का," रवळू म्हणाला.

पाटलाशी भांडता आलं असतं, गुरवाशी भांडता आलं असतं. ह्या म्हातारीपुढं तो काय करणार? वाटेत त्याला रडू आलं. अनवाणी पायांनी ढेकळं तुडवत तो तसाच घरी आला.

ऐतवारी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्याहून कुठल्याशा मोठ्या पलटणीचे निवडक गडी आले होते. रवळू उभा राहिला, हात उचलला, आणि हात कानापर्यंत आलाच नाही. खांद्यात फाटकन काहीतरी तुटलं. चेंडू कसाबसा बोटांतनं सुटला आणि लग्नातल्या अक्षतेसारखा सावकाश चालला. रवळूनं डोळे मिटले. झालं, संपलं. पोरगी आणि बायको घेऊन आजच सासुरवाडी गाठायची, असं त्यानं मनात ठरवूनही टाकलं.

"एक!" माळ गरजला.

त्यानं डोळे उघडले. समोरचा गोरा दांडकं फिरवून गरकन वळला होता आणि चेंडू आत्ता कुठं त्याच्यापाशी पोचत होता! ते सगळे रवळूच्या वेगाची धास्ती घेऊन आले होते. चेंडू यायच्या आधीच दांडकं फिरवत होते. दुसरा चेंडू त्याहून मेलेला. "दोन!" तिसरा. "घरीऽऽ!"

रवळूला काय करावं तेच कळेना. तो हरायला बघत होता आणि हरता येत नव्हतं. जितका हात मरत गेला तितके गोरे जास्त वेडे झाले. एक जण तर दांडकं आपटून मोडून गेला. लोकांनी पटके हवेत उडवले. "बगा बगा, आता कसा खेळवालाय त्यास्नी! मांजर उंदराला खेळवतंय!" वकील छत्र्या टाकून नाचत होते. तुरुंगाच्या भिंतीआडनंही आरोळी उठली, तेव्हा अंबुबाई मटकन खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली.

जिंकल्यावर गड्यांनी त्याला उचललं ते नेमकं उजव्या बगलेत हात घालून. तो किंचाळला. लोकांना वाटलं आनंदानं.

देवळापुढं आणून उतरवला तेव्हा हात दोरीसारखा लोंबत होता. नागुबाई तानीला घेऊन तिथं उभी होती. पोरीनं बापाकडं झेप घेतली आणि रवळूनं तिला डाव्या हातावर घेतलं. तिच्या अंगाचा ऊबदार भार खांद्यावर आला आणि त्याला एकदम धीर आला. बायकोला काही करायला आले तर आपण पुढं होऊ, आपण ओढ्यात बुडू. आता बोलायचंच.

"ऐका वो," तो ओरडला. "माझा हात गेला. मेला. वर व्हईना, मूठ वळंना. भरमा वैदूला बोलवून दाखवा पायजे तर. कुणी बाटवला न्हाय, कुणाची चूक न्हाय. आता मला सोडा."

हलगी थांबली. जोतिबा गुरव पुढं आला. त्यानं तो हात उचलला, सोडला; हात धपकन मांडीवर पडला. परत उचलला, परत पडला. नागुबाईनं पदर तोंडात कोंबला. रवळूला जोतिबाच्या डोळ्यांत पाणी दिसलं, आणि त्याला वाटलं, सुटलो.

"देवीनं पदरात घेतला!" जोतिबा ओरडला. "अरे, घेतला तिनं! एवढा पावन हात मानसाकडं किती दिवस ठेवंल ती?"

एकच जयघोष झाला. बायकांनी त्या मेलेल्या हातावर फुलं टाकली, कुणी कुणी तो उचलून कपाळाला लावला. नागुबाईकडं कुणी वाकडं बघितलं नाही; उलट दोघींनी तिची ओटी भरली. रवळू मधोमध उभा होता, तानीला घट्ट धरून, आणि गर्दी जरा विरळ व्हायची वाट बघत होता. घरी जायचं होतं त्याला.

मारुतीराव पाटील खाकरला. "ते समदं खरं, जोतिबा. पण फुडल्या ऐतवारी कसं?"

एकेकाची नजर सावकाश वळली आणि तानी बसली होती त्या हातावर येऊन थांबली.

"नागू," जोतिबा मायेनं म्हणाला, "पोरीला घे गं खाली."

रवळूनं बायकोकडं बघितलं. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. तानी बापाच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागली, तेव्हा नागुबाईनं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला कडेवर घेतलं. जोतिबानं भंडाऱ्याची वाटी पुढं केली.