मानेवरची गाठ

“मामा, आजोबांचं रक्त थंड पडलंय,” डॉक्टरीणबाई हातातला कागद पुढे करत म्हणाल्या, आणि माझं टाळकंच सटकलं.

“कोण म्हणतं?”

“प्रयोगशाळा म्हणते. कालच्या नमुन्यात अँटिबॉडीज जवळजवळ नाहीतच. आणि तुमचा जावई बघा! दीड महिन्यात नुसता पेटलाय. मी दोनदा तपासून घेतलं.”

“माझ्या हातचा दाणा खातोय, पेटणारच!” मी मिशीवर हात फिरवला. खोटं कशाला बोलू, आजोबांचं वाईट वाटत असतानाही जावयाचं कौतुक मी गुपचूप पदरात पाडून घेतलं.

आजोबा आणि जावई म्हणजे आमच्या तबेल्यातले दोन घोडे. आमची संस्था सर्पदंशावरचं औषध बनवते, म्हणजे खरं तर घोडेच बनवतात, आम्ही नुसते राबतो. सापाचं विष आधी अगदी कणभर, मग थोडं जास्त, असं महिनोन्‌महिने घोड्याला टोचायचं. परकी वस्तू अंगात शिरली की रक्त चिडतं, तिला ओळखून ठेवतं आणि तिच्यावर तोड काढतं. पुन्हा तीच आली की दारातच मानगूट धरतं. ती तोड म्हणजेच अँटिबॉडीज. रक्त काढून त्या वेगळ्या करायच्या आणि बाटलीत भरायच्या, तांबडा भाग घोड्याला परत द्यायचा. आजोबा नऊ वर्षं हे करताहेत. दहा नव्या घोड्यांना आडवं करील एवढं विष ते पचवतात आणि वर दाणा मागतात. जावई मात्र कालचा आलेला, सासरी आल्यासारखे लाड करून घेणारा. त्याची मजल अजून राईएवढ्या डोसापर्यंतच.

दोघं रंगाने सारखे, तांबूस, दोघांच्या कपाळावर पांढरा पट्टा. नंबर असतो तो मोरकीला, म्हणजे तोंडावर चढवायच्या दोरीला, अडकवलेल्या पितळी बिल्ल्यावर. पण मला बिल्ला लागत नाही. “डोळे मिटून सांगतो कोण कोणता,” असं मी एकतीस वर्षं सांगत आलोय, आणि एकतीस वर्षांत चुकांच्या वहीत माझं नाव एकदाही आलेलं नव्हतं. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. निरोपाच्या दिवशी ती वही सगळ्यांसमोर उघडायची, हे मी मनाशी पक्कं करून ठेवलं होतं.

“मग काय, आजोबांना काढणार?” मी विचारलं.

“एवढ्यात नाही. आज त्यांना मोठा डोस देऊन बघू. तरी रक्त जागं झालं नाही, तर मात्र काढावं लागेल.”

“बघाच तुम्ही. जुनं हाड आहे ते!”

आजोबांना लोखंडी कठड्यात आणून उभं केलं. स्वारी सकाळपासून फुरंगटलेली, पाण्याची बादलीसुद्धा लाथाडली होती. म्हटलं, वाईट बातमी घोड्यालाही कळते बहुतेक. बाईंनी सुई भरली. मी नेहमीप्रमाणे डावा तळवा मानेवर ठेवला. तेवढ्याने घोडा शांत राहतो.

मान गुळगुळीत लागली.

नऊ वर्षांच्या सुयांनी आजोबांच्या मानेवर गाठी झाल्यात, वाटाण्याएवढ्या, टणक. इथे एकही नव्हती. मी हात वर नेला, खाली आणला. काही नाही.

“थांबा!” मी एवढ्या जोरात ओरडलो की घोडाही दचकला. “बाई, हा जावई आहे!”

सुई मानेपासून चार बोटांवर होती.

मला सगळं लख्ख आठवलं. काल नमुना घेण्याआधी मी दोघांना धुतलं होतं. मोरक्या एकाच खुंटीला टांगल्या, आणि परत चढवताना हात मोरकीवर, तोंड मात्र चौकीदाराशी. बिल्ला वाचायचा तर चष्मा लागतो, आणि चष्मा घरी कपाटात. “अहो, चष्मा लावला तर मिशी गळून पडणार आहे का?” आमची ही रोज विचारते. मी रोज हसण्यावारी नेतो.

“मोरक्या कुणी बदलल्या?” बाईंचा आवाज चढला. “रात्रपाळीवाल्याने?”

घ्या! पळवाट आयती ताटात वाढून दिली. रात्रपाळीचा माणूस मुलखाचा धांदरट, त्याच्या नावावर आधीच तीन चुका. चौथी सहज खपली असती आणि माझं पान कोरं राहिलं असतं. पण मोरक्या रात्री बदलल्या म्हटलं, तर कालचे नमुने खरे ठरणार. म्हणजे आजोबा बाद, आणि ‘पेटलेल्या’ जावयाचा डोस उद्या वाढणार. आज वाचवलेला जीव उद्या मीच घालवणार.

“मी बदलल्या,” मी म्हणालो. “काल, धुतल्यावर. नमुन्याच्या आधी.”

बाईंनी कागदाकडे पाहिलं. “म्हणजे हे पेटलेलं रक्त...”

“आजोबांचं! म्हटलं नव्हतं, जुनं हाड आहे?” सवयीने हात मिशीकडे निघाला. अर्ध्या वाटेत मी तो खाली घेतला.

बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. “मेला असता हो तो, मामा.”

“हो.”

“आणि तेही माझ्या हातून.”

“वही आणा,” म्हटलं.

“राहू द्या ना. दोनच महिने उरलेत तुमचे. मी साहेबांना तोंडी सांगते.”

“बाई, आणा म्हणतो ना!”

मी लिहिलं : ‘दोन घोड्यांच्या मोरक्यांची माझ्याकडून अदलाबदल झाली. चष्मा लावला नव्हता.’ खाली सही केली. ओळी नीट दिसत नव्हत्या, त्यामुळे अक्षरं चढण चढल्यासारखी वर गेली. बाईंनी ती वाचली आणि वही बंद केली.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून गेलो. आमच्या हिने दारापर्यंत येऊन खात्री करून घेतली. तबेल्याच्या भिंतीवर नवा कागद लागला होता : यापुढे मोरक्या डॉक्टर स्वतः तपासून चढवतील, मामांनी फक्त घोडा धरायचा. मनाला लागलं, लागणारच. पण नियम बरोबर होता, आणि घोडा धरण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय.

पुढच्या आठवड्यात जावयाला त्याचा राईएवढा डोस दिला, मागच्यापेक्षा किंचित मोठा. संध्याकाळी मी आधी बिल्ला वाचला, मोठ्याने, बाईंना ऐकू जाईल असा. मग मानेवर तळवा ठेवला. सुईच्या जागी वाटाण्याएवढी गाठ आली होती, गरम. त्याची पहिली.

मी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि हात तिथेच ठेवला.